दहा लाख ई-मेल आणि चार प्रश्न

27 मार्च 2015 रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक चर्चापत्र प्रसिद्ध केलं. 118 पानं, इंग्रजीत, आणि त्यात 20 प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइपसारख्या सेवांना परवाना लागावा का? ठरावीक अ‍ॅपसाठी मोबाइल कंपन्यांनी वेगळा दर लावावा का? मत कळवायची मुदत होती 24 एप्रिल. एरवी अशा कागदांना कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोजके अभ्यासक उत्तरं देतात. या खेपेला दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले.

आधी वाचन, मग बटण

नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक मिळावी यासाठी, मोहीम उभी केली ती पत्रकार निखिल पाहवा यांच्यासह काही वकील, उद्योजक आणि प्रोग्रामर स्वयंसेवकांनी. त्यांनी सर्वांत आधी ती 118 पानं वाचली, सोप्या भाषेत थोडक्यात मांडली आणि प्रश्नांची उत्तरं लिहून काढली. मग ‘सेव्ह द इंटरनेट’ ही वेबसाइट आली. तिथलं बटण दाबलं की तयार उत्तरं तुमच्या स्वतःच्या ई-मेलमध्ये उघडायची. हवा तो बदल करा आणि ट्रायला पाठवा. 11 एप्रिलला एआयबी या विनोदवीरांच्या गटाचा व्हिडिओ आला आणि विषय घराघरांत पोचला. तीनच दिवसांनी फ्लिपकार्टने ‘एअरटेल झीरो’ योजनेतून, म्हणजे अ‍ॅप कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट वापरू द्यायचं या योजनेतून, माघार घेतली. प्रश्न लोकसभेतही गाजला.

व्हिडिओचं श्रेय सगळ्यांना दिसतं. माझ्या मते खरी कामगिरी त्याआधीच्या वाचनाची होती. ते झालं नसतं, तर लोकांकडे पाठवायला नुसता संताप उरला असता.

पत्ते चव्हाट्यावर

आलेली मतं जाहीर करायची ही ट्रायची जुनी रीत. 27 एप्रिलला ट्रायने ते सगळे ई-मेल नावांसह आणि ई-मेल पत्त्यांसह वेबसाइटवर टाकले. कंपन्यांच्या लेटरहेडसाठी घातलेली रीत साध्या नागरिकांना जशीच्या तशी लागू झाली, आणि लाखो पत्ते जाहिरातबाजांना आयते मिळाले. लोकांना सरकारदरबारी लिहायला सांगताना, तुमचं नाव उघड होऊ शकतं हे आधी सांगणं मोहीम चालवणाऱ्यांचंही कर्तव्य आहे.

फेसबुक मैदानात

9 डिसेंबर 2015 रोजी ट्रायने दुसरं चर्चापत्र काढलं, फक्त वेगवेगळ्या डेटा-दरांबद्दल. प्रश्न चारच. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना थेट त्याच्या कक्षेत येत होती: ठरावीक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. कंपनीने वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या. पण तिचं मोठं हत्यार वेगळंच होतं. भारतातल्या सुमारे 13 कोटी वापरकर्त्यांच्या स्क्रीनवर ती हवं तेव्हा सूचना झळकवू शकत होती. तिथेही बटण होतं आणि तयार पत्र होतं. अमक्या मित्राने पत्र पाठवलं, हेही दिसायचं.

दोन्ही मोहिमांचं तंत्र सारखंच. फरक असा, की इथे ज्याचा धंदा पणाला लागला होता, तोच चावडीचा मालक होता आणि दवंडीही तोच पिटत होता. स्वयंसेवकांना एकेक माणूस जोडावा लागला. फेसबुकला फक्त एक सूचना सोडायची होती.

मोजणी झाली, पण उत्तरांची

ट्रायकडे सुमारे 24 लाख मतं आली. त्यातली जवळपास 19 लाख फ्री बेसिक्सच्या बाजूची. आकड्यांवर निकाल लागायचा असता, तर तो तिथेच लागला असता. पण त्या तयार पत्रात ट्रायच्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. योजना चांगली आहे, एवढंच होतं. जानेवारी 2016 मध्ये ट्रायने फेसबुकला खरमरीत पत्र लिहिलं: चर्चेला घडवून आणलेल्या जनमत चाचणीचं रूप देऊ नका. प्रश्नांना धरून पुन्हा उत्तरं द्यायला वापरकर्त्यांना सांगा, असंही ट्रायने बजावलं होतं.

8 फेब्रुवारी 2016 रोजी नियम आला. मजकूर पाहून वेगवेगळा डेटा-दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाख. फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. 2018 मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची व्यापक तत्त्वंही मान्य केली.

ज्यांच्या नावाने वाद झाला

निर्णय योग्यच होता, असं मी ठामपणे म्हणेन. एक उणीव मात्र सलते. फेसबुकची ही योजना सुरुवातीला, इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने, रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत आली. महाराष्ट्र त्यांपैकी एक. ती होती इंटरनेट न परवडणाऱ्यांसाठी. पण बटण दाबायला आधी इंटरनेट लागतं, त्यामुळे दोन्हीकडच्या लाखो पत्रांत ही माणसं जवळपास नव्हतीच. त्यांच्यापर्यंत पोचायला ग्रामसभा होती, बचत गट होते, स्थानिक वर्तमानपत्रं होती. ट्रायचे चार प्रश्न साध्या मराठीत छापून तिथे वाचता आले असते.