हिंगणघाटचा कापूस निघाला होता पूर्व समुद्राला

हिंगणघाटचा कापूस म्हटलं की वाट मुंबईची. पण हिंगणघाटची वणा कुठे जाते पाहा: ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. मग कापसानंही पाण्याबरोबरच का जाऊ नये?

हा प्रश्न ब्रिटिश इंजिनियर ऑर्थर कॉटन यांनी फार गंभीरपणे घेतला. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधून 1852 पर्यंत त्यांनी गोदावरीचं पाणी त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांत खेळवलं होतं. त्या कालव्यांतून नावाही चालत. आता नदीनं वर चढत वऱ्हाड-वर्ध्यापर्यंत पोचायचं होतं. तोवर इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि बणी जातीच्या हिंगणघाटी कापसाकडे मँचेस्टरचे डोळे लागले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही जलमार्गाचा जोरदार पुरस्कार केला.

वाटेत तीन अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. नदीत आडवे खडक, त्यांवरून उसळणारं पाणी. उपाय असा, की खडकांच्या बाजूनं कालवा खणायचा आणि उताराच्या जागी जलपाश बांधायचा. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी कोठी. कापसाची नाव वरून आत शिरते, मागचं दार बंद होतं, खालच्या झडपांतून पाणी सोडलं जातं. पाण्याबरोबर गाठींसकट नाव हळूहळू उतरते. बाहेरच्या पाण्याशी पातळी जुळली की पुढचं दार उघडतं. मीठ घेऊन वर येणाऱ्या नावेसाठी हेच उलट. ना पंप, ना वाफ. टनावारी माल उचलायचा आणि उतरवायचा तो निव्वळ पाण्यानं! मला तर यापेक्षा देखणं यंत्र ठाऊक नाही.

पण जंगलातला ताप, मजुरांची टंचाई, उन्हाळ्यात आटणारं पात्र यांत वर्षं गेली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या आणखी जवळ आली. 1871 मध्ये सरकारनं जलमार्गाचं काम थांबवलं. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र आजही उभा आहे.

हिंगणघाटला पूर्व किनाऱ्याची सरळ वाट शेवटी मिळाली ती रुळांवरून: 1929 मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पुरा झाला तेव्हा.