पाहुणे निघाले, मुलांना दाखवा

पक्षी पाहणे हा दुर्बीण आणि मोटारगाडी असलेल्यांचा शौक, असा आपल्या वस्त्यांमधून समज आहे. आम्हाला तो मान्य नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत उतरलेले हजारो पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागतात. ते पाहायला लोकलचे तिकीट, दोन डोळे आणि थोडी सबुरी पुरे.

प्रथम धोबी पाहा. चिमणीहून लांबट, करडा-पांढरा, सतत शेपटी हलविणारा हा पक्षी मैदानात आणि नाल्याकाठीही दिसतो. वर्षावास संपून भिक्खू चारिकेला निघतात, धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो, त्याच सुमारास तो उत्तरेकडून येतो आणि भीमजयंतीच्या आसपास परततो. समुद्रावरचे कुरव हिवाळाभर पांढऱ्या डोक्याचे असतात. मार्चमध्ये त्यांच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढू लागते. टोपी पुरी झाली की समजावे, पाहुणा निघाला. पळस, पांगारा फुलला की गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनांचे थवे त्यावर तुटून पडतात. गावाकडे ज्वारी राखताना आपल्या आयाबायांनी हाकलली ती भोरडी हीच. तिचे घर मध्य आशियात.

यांना वाट कोण दाखवितो? दैव नव्हे. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात बदल होतो. तो भरपूर खाऊन चरबी साठवितो. मग सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने दिशा धरतो. मुलांना हे समजले की शकुन-अपशकुनाचे भूतही उतरते. टिटवी ओरडली की घरातले माणूस दगावते, असे अजून काही घरांत बोलतात. खरे असे की टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुत्रा किंवा माणूस जवळ आला की ती ओरडून त्याला दूर नेऊ पाहते. ती पिलांची राखण आहे, मरणाची वर्दी नव्हे.

ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मे-जूनपर्यंत थांबतात. मान वाकवून, चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातले शेवाळ गाळून खातात. त्या अन्नातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. २०१५ साली या खाडीचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. तरीही २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. ते आपल्या घरांजवळ येऊन पडले.

खाडीत भराव पडतो, तिवरे तोडली जातात, तेव्हा पक्ष्यांचे ताट तर जातेच. पण पावसाचे पाणीही जागा शोधीत सखल वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या घरातले धान्य, वह्या-पुस्तके भिजली, त्यांना हे सांगावे लागत नाही. म्हणून खाडीचा प्रश्न आमचाही प्रश्न आहे.

देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेल्या पक्ष्याची हकीकत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून घेतली आहे. मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा हक्क मोठा, हा तिथला न्याय. आपली मुले ही गोष्ट विहारात ऐकतात आणि बाहेर येऊन गलोल घेतात. ही तफावत आपणच दूर केली पाहिजे.

येत्या पौर्णिमेला सकाळची वंदना झाली की मुलांना घेऊन खाडीकाठी जा. पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास पुरी होते. त्याआधी दोन-तीन तास, चढत्या पाण्याबरोबर पक्षी काठाकडे सरकतात. आरडाओरडा करू नका, खायला टाकू नका. मुलांच्या हातातली गलोल काढून घ्या आणि तिथे एक वही द्या. तारीख, जागा, पक्षी आणि संख्या एवढेच लिहायचे. ही वही चार वर्षे चालली, तर खाडीत भराव घालणाऱ्यापुढे ठेवायला आपल्या हाती पुरावा असेल.