तिखट मिठाची थाई वाटी

थायलंडमध्ये जेवणाच्या टेबलावर एक छोटी वाटी हमखास असते. तांबूस पातळ रस, त्यात मिरचीच्या बारीक चकत्या, थोडा लसूण, वरून पिळलेलं लिंबू. नाव प्रिक नाम प्ला. चूल पेटवायची नाही, फोडणी नाही, वाटण नाही. पाच मिनिटांत तयार. एवढ्या साध्या वाटीबद्दल धुळ्या-जळगावकडे मात्र शंकांची रांग लागते. कारण एकच: आपण तिला चटणी समजतो. ठेच्याच्या मुलुखात दुसरं काय समजणार म्हणा! पण तिकडे ती ताटात मिठाच्या जागी येते. भात अळणी शिजवलेला असतो आणि ज्याला जेवढं हवं तेवढं खारट-तिखट तो या वाटीतून घेतो. हे एकदा ध्यानात घेतलं की बहुतेक गैरसमज आपोआप सैल होतात.

“फिश सॉस म्हणजे सडक्या माशाचं पाणी”

बाटलीचं झाकण उघडल्यावर जो वास येतो, त्यावरून हा समज होणं साहजिक आहे. पण सडणं आणि मुरणं यांच्यामध्ये मीठ उभं असतं. थायलंडच्या आखाताच्या किनाऱ्यावर, रयोंगसारख्या भागात, बोटभर लांबीचे अँकोव्ही मासे मिठात घालतात. प्रमाण साधारण दोन ते तीन भाग मासे आणि एक भाग मीठ. मग टाक्यांमध्ये वर्षभर, कधी दीड वर्ष ते मुरत राहतात. इतक्या मिठात कुजवणारे जिवाणू टिकाव धरत नाहीत. काम करतात ते माशाच्या पोटातलेच पाचक रस आणि खारं सोसणारे काही मोजके जिवाणू. प्रथिनं तुटत तुटत त्यांची अमिनो आम्लं होतात आणि त्यांत ग्लुटामिक आम्ल भरपूर असतं. टोकियोत किकुनाए इकेडा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढून ज्या चवीला ‘उमामी’ म्हटलं, ती हीच. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते. चायनीजच्या गाडीवर ‘अजिनोमोटो नको’, म्हणजे ग्लुटामेटच नको, म्हणून बजावणाऱ्यांनी टोमॅटोच्या भाजीला कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही, हे जाता जाता.

वासाचं म्हणाल तर कच्च्या हिंगाची डबी कुणी नाकाशी धरून बसत नाही. फिश सॉसचंही तसंच. लिंबाच्या आंबटपणात आणि लसणाच्या सोबतीत त्याचा उग्रपणा बसतो, मागे राहतो तो खारट, मांसल स्वाद.

आणि ही काही फक्त पूर्वेकडची तऱ्हा नाही. रोमन लोक असाच माशाचा मुरलेला रस ‘गारुम’ म्हणून जेवणात वापरत. मणिपूरच्या स्वयंपाकात ‘ङारी’ हा मुरवलेला मासा रोजचा आहे. आपल्या आठवडी बाजारात मिळणारे सुके बोंबील आणि सुकट मात्र या वर्गातले नव्हेत. ते वाळवलेले असतात, मुरवलेले नाहीत, म्हणून बोंबलाची चटणी परतून त्यातून फिश सॉसचं काम होणार नाही.

“मग घरीच मासे मुरवू की!”

उत्साह चांगला, पण नको. अँकोव्हीच्या कुळातली मांदेली आपल्याकडे मिळते खरी, पण ती धुळ्याला पोचते ती मुंबईहून किंवा सुरतेहून, बर्फात, हातोहात फिरून. समुद्री मासा मीठ लागण्याआधी उष्णतेत राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते नंतर उकळूनही जात नाही. फिश सॉससाठीच्या 2011 च्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात हिस्टामीनची कमाल मर्यादा 100 ग्रॅमला 40 मिलिग्रॅम ठेवली आहे. घरच्या बरणीत ती तपासणार कोण? तापी-गिरणेच्या माशांवर हा प्रयोग तर मुळीच करू नये. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांत परजीवी असू शकतात. ईशान्य थायलंडमध्ये यकृतातल्या पर्णकृमीचा उपद्रव अशाच माशांतून पसरत आला आहे. तेव्हा घरी करायची ती वाटी, बाटली विकतच आणायची.

विकत घेताना रंगाला भुलू नका. गडद म्हणजे अस्सल असं नसतं. रस पारदर्शक, तांबूस तपकिरी हवा. घटकांची यादी जितकी आखूड तितकी बरी: मासा, मीठ, फार तर साखर. त्याच कोडेक्स मानकानुसार लिटरमागे किमान 10 ग्रॅम नायट्रोजन (प्रथिनांचं माप) हवा. व्हिएतनामी बाटल्यांवर हा आकडा ठळक छापलेला असतो. 40 लिहिलेली बाटली 20 वालीपेक्षा घट्ट चवीची आणि अर्थात महाग.

“हा थाई ठेचाच”

दिसायला मिरची-लसूण-मीठ तेच, म्हणून हा समज. ठेच्याचा खरा नातेवाईक तिकडे वेगळाच आहे. ‘नाम प्रिक’ नावाची वाटलेली मिरची थाई लोक खलबत्त्यात कुटतात, आणि तो प्रकार आपल्या ठेच्याच्या जवळ जातो. प्रिक नाम प्लाला कुटायचं नसतं. कुटली की मिरचीचा लगदा होतो, रस गढुळतो आणि वाटीतला सगळा तोल जातो.

चहाचे चमचे धरून सांगतो. आठ-दहा लवंगी मिरच्या, हिरव्या-लाल मिसळून, सुरीनं पातळ चकत्यांत चिरा. लसणाच्या दोन पाकळ्या तशाच पातळ कापा. त्यावर सहा चमचे फिश सॉस आणि दोन ते तीन चमचे लिंबाचा रस. लिंबू फार कडक आंबट असेल तर चिमूटभर साखर. छोट्या लाल कांद्याच्या चार चकत्या टाकल्या तर कुणी अडवत नाही. वेगळं मीठ घालायचं नाही. इथेच बहुतेकांचा हात सवयीनं बरणीकडे जातो. दहा मिनिटं ठेवा आणि वाढा.

यात तेलाचा थेंब नसतो, आणि तिखटपणाचं गणित त्यामुळेच बदलतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. ठेच्यात तेल आणि दाण्याचं कूट तिखट सगळीकडे पसरवतात, म्हणून पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत तो सारखाच झणझणीत. या वाटीत रस बेताचा तिखट आणि चकत्या जाळ. मुलांना भातावर नुसता रस द्या, मोठ्यांनी चकत्या वेचाव्यात. ‘बिया काढल्या की मिरची गरीब होते’ हा आणखी एक पक्का समज. प्रत्यक्षात कॅप्सेसिन तयार होतं ते आतल्या पांढऱ्या शिरेत, बियांना ते नुसतं चिकटतं. शीर खरवडून काढा, बियांची चिंता करू नका. आणि तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. दूध किंवा ताक घ्या. त्यांतलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उतरवतं.

मिरची थायलंडची की आपली, हा वाद दोघांनीही सोडावा. दोंडाईचा आणि नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात उभं राहिलं की वाटतं, ही इथे अनादि काळापासून असणार. पण मिरची अमेरिका खंडातली, आणि इकडे आणली पोर्तुगीजांनी. त्यांनी गोवा घेतला 1510 मध्ये. पुढच्याच वर्षी मलाक्का घेऊन सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, अयुथया दरबारी त्यांचा दूत पोचला. त्याआधी खान्देशातही तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी, आणि सयामातही काळी मिरीच.

“थाई लिंबू इथे कुठून आणायचं?”

धुळ्याच्या पाचकंदीलच्या बाजारातून. थाई वाटीत जे लिंबू पिळतात ते आपलं कागदी लिंबूच, पातळ सालीचं आणि रसाळ. घोळ होतो तो खडबडीत सालीच्या काफिर लिंबामुळे, पण त्याची पानं करीत पडतात; या वाटीत त्याचं काही काम नाही. परदेशी पाककृतीत सुपरमार्केटातलं मोठं पिवळं लेमन दिसलं तरी त्याच्या मागे लागू नका, ते इथे फिकं पडतं.

“तेल नाही, म्हणजे पथ्याचं”

इथे मात्र सावध राहायला हवं. एका टेबलस्पून फिश सॉसमध्ये सुमारे 1400 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे एका पळीभर रसात दिवसाच्या वाट्यातला मोठा भाग संपला. आपल्या जेवणात आधीच लोणचं, पापड, शेव यांची मिठाची चढाओढ असते. ही वाटी त्यांच्या जोडीला न घेता त्यांच्याऐवजी घ्यावी, आणि त्या दिवशी भातात-अंड्यात मीठ घालू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

कशाबरोबर खावी, यावर माझं मत स्पष्ट आहे. गरम पांढरा भात, कडा कुरकुरीत तळलेलं अंडं, तव्यावर भाजलेला रोहू किंवा कटला, काकडीच्या फोडी: इथे ती उठून दिसते. भाकरीबरोबर ती लंगडी पडते, रस धरायला भातच हवा. भरताच्या वाटेला तर जाऊच नये. कच्चं तेल, कांद्याची पात आणि हिरवी मिरची यांचं तिथे छान जमलेलं असतं, त्यात समुद्र कशाला ओतायचा?

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. ‘व्हेज थाई करी’ असं नाव असलेल्या पदार्थातही फिश सॉस किंवा करीच्या मसाल्यात सुकी कोळंबी असू शकते. नावाऐवजी पाकिटावरची खूण पाहा, मांसाहारासाठी ती आता तपकिरी चौकटीतला त्रिकोण असते. फिश सॉसऐवजी पातळ सोया सॉस घेऊन बाकी सगळं तसंच केलं तर वाटी चविष्ट होते. चव वेगळी, पण खारट-आंबट-तिखटाचं काम ती करते. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा, कारण मुरल्यानं ॲलर्जीची प्रथिनं पूर्ण नाहीशी होतात असं धरून चालता येत नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न. कुणी लोणच्यासारखी बरणी भरून ठेवतं आणि आठवड्यानं नाक मुरडतं. मीठ आणि आम्ल भरपूर असल्यानं वाटी पटकन बिघडत नाही, पण लिंबाचा ताजेपणा उतरतो, मिरची काळवंडते, लसूण उग्र होतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठीक. आधीच्या रसात ताज्या चकत्या आणि ताजं लिंबू घालून ती पुन्हा उभी करता येते. मूळ बाटली मात्र धुळ्याच्या मे महिन्यातही कपाटात सुरक्षित राहते. फ्रिजमध्ये ठेवली तर रंग गडद होणं मंदावतं, एवढंच. तळाशी पांढरे खडे दिसले तर बाटली फेकू नका, ते मीठ आहे.