गल्ल्यावर कोण बसतं?

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमच्या बाजारपेठेत दुकान उघडल्या उघडल्या उधार मागून बघा. "आधी भवानी तर होऊ द्या, मामा," असं ऐकून घ्यावं लागेल. तुळजापूर याच जिल्ह्यात असल्यामुळे दिवसाच्या पहिल्या विक्रीला देवीचं नाव इथे अंमळ जास्तच शोभतं. पहिली नोट कपाळाला लागते आणि मग गल्ल्यात पडते.

जुना गल्ला म्हणजे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. आत नाण्यांसाठी कोरलेल्या वाट्या, नोटांचे कप्पे, एका कोपऱ्यात हळदकुंकू लागलेलं नाणं. बाजूला गादी आणि लोड. पेटीला कुलूप असे, पण खरी राखण गादीवर बसणाऱ्याची. घरातला मुलगा पोती उचलतो, माल मोजतो, वसुलीला हिंडतो. गल्ल्यावर बसायला मिळालं की तो मालक झाला असं गाव समजतं.

मुरुम निजामाच्या राज्यात होतं तेव्हा गल्ला सांभाळणं आणखी अवघड होतं. हैदराबादचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. १०० कलदार म्हणजे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. शेजारचा सोलापूर जिल्हा इंग्रजी अमलाखाली. तिकडून माल आणायचा तो कलदार मोजून, इकडे विकायचा तो हालीत. म्हणजे एकाच गल्ल्यात दोन राज्यं नांदायची. हाली चलन १९५०च्या दशकात गेलं. १ एप्रिल १९५७ला आणे-पैही जाऊन रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मुरुमच्या दुकानदाराने एका पिढीत किती पाढे बदलले असतील!

पेटी पैसे सांभाळते, हिशेब नाही. तो रोजमेळाच्या वहीत. सकाळची शिल्लक २,००० रुपये, रोख विक्री १८,४५०, जुन्या उधारीची वसुली १,२००. त्यातून हमाली आणि चहापाणी ३५० गेले, बँकेत १५,००० भरले. रात्री गल्ल्यात ६,३०० निघायलाच हवेत. निघाले की 'मेळ बसला'. कमी भरले तर ठीक, कुणाला तरी जास्त सुट्टे गेले म्हणता येतं. पण जास्त भरले की अनुभवी माणसाची झोप उडते, कारण मग कुणाची तरी वसुली लिहायची राहिलेली असते. सोयाबीनचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीला सालभराची उधारी एकदम येते, तेव्हा हा घोळ हमखास.

गल्ल्याचं यंत्र आलं ते मालक गादीवरून उठला म्हणून. अमेरिकेत डेटन शहरात जेम्स रिटी नावाचा दारूच्या गुत्त्याचा मालक होता. गिऱ्हाइकांचे पैसे नोकरांच्या खिशात जात. १८७८मध्ये युरोपला जाताना त्याने जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? १८७९मध्ये त्याने भावासोबत पेटंट घेतलं. गंमत म्हणजे त्या पहिल्या यंत्राला पैशांचा खणच नव्हता. घड्याळासारखी तबकडी होती. पुढे खण जोडला गेला आणि तो उघडला की घंटी वाजू लागली. आत बसलेल्या मालकाला ऐकू यावं, एवढाच तिचा हेतू. १८८४मध्ये जॉन पॅटरसनने हा धंदा विकत घेतला, 'नॅशनल कॅश रजिस्टर' कंपनी काढली आणि जगभर यंत्रं विकली.

आजच्या मॉलमधला खण दिसायला संगणकाचा भाग वाटतो. बहुतेक ठिकाणी त्याची वायर मात्र पावती छापणाऱ्या प्रिंटरला जोडलेली असते. पावती निघाली की प्रिंटर विजेचा एक झटका सोडतो, बहुधा २४ व्होल्टचा. खणातलं विद्युतचुंबक खिटी ओढतं आणि स्प्रिंग खणाला बाहेर ढकलते. एवढंच. वीज गेली की पुन्हा किल्लीच. विक्री न करता खण उघडला तर त्याचीही नोंद राहते आणि रात्री 'झेड रिपोर्ट' काढला की दिवसाची बेरीज छापून आकडा शून्यावर येतो. गल्ल्यावरच्या मुलीला मग नोटा मोजून त्या कागदाशी जुळवून द्याव्या लागतात. म्हणजे रोजमेळच, फक्त पाळत ठेवणारा.

लहान दुकानात हे सगळं कशाला? तिथे मालक स्वतः बसतो. स्वतःच्या चोरीवर कोण घंटी लावेल? त्याची डोकेदुखी सुट्ट्यांची. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून बंद झाली. दहाच्या नाण्याबद्दल अफवा इतक्या पसरल्या की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये १४ही नमुने वैध असल्याचं सांगावं लागलं. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीत तर गल्ले भरलेले असून रिकामे होते.

आता दुकानांत क्यूआरचा चौकोन आणि बोलकी डबी आली. पैसे जमा झाले की ती रक्कम मोठ्याने सांगते. रिटीच्या यंत्राची घंटी दीडशे वर्षांच्या फेऱ्याने मुरुमला पोचली म्हणायची. फरक इतकाच, की आता संशय नोकराचा नाही, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या मोबाइलच्या पडद्याचा. आणि या पैशाला गल्ल्यात जागाच नाही. त्यामुळे रात्री दुकान वाढवताना मेळ दोनदा घालावा लागतो.

आयकराचं वर्ष १९८९पासून सगळ्यांसाठी ३१ मार्चला संपतं, तरी नवी वही दिवाळीलाच येते. लक्ष्मीपूजनाला गल्ला धुऊनपुसून पाटाजवळ येतो, वहीवर 'श्री' निघतं, कीबोर्डवर कुंकू पडतं. क्यूआरच्या चौकोनालाही बोट लागतं, पण कडेला, काळे ठिपके सोडून. नाहीतर उद्या तो स्कॅन व्हायचा नाही.