डोनाल्डचे गाव

मूल लहान असते तोवर सगळे विचारतात. बोलायला लागला का, शाळेत जातो का, कुठल्या डॉक्टरांना दाखवले. तेच मूल अठ्ठावीस वर्षांचे झाले की विचारणारे गप्प होतात. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हा शब्द आता लहान शहरांतल्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. पण स्वमग्न मूलही मोठे होते, त्याला दाढी-मिशा येतात, आपल्या खिशात आपल्या कमाईचे चार पैसे असावेत असे त्यालाही वाटते, हे अजून फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. आई-बापांची झोप मात्र एकाच प्रश्नाने उडालेली असते: आमच्यानंतर याचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात सापडते. डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ साली तिथे जन्मला. वडील वकील, आईच्या माहेरची गावात बँक. मुलगा आकड्यांत रमायचा, पण आईच्या हसण्याला हसून उत्तर देत नसे. त्या काळच्या वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे तीन वर्षांच्या डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले गेले. साधारण वर्षभराने आई-बापांनी डॉक्टरांचे न ऐकता त्याला परत आणले. मग वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना मुलाबद्दल तेहतीस पानांचे पत्र लिहिले. कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यापासून ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास सुरू झाला असे मानतात. त्या अकरांत पहिला क्रमांक डोनाल्डचा होता.

यापुढची गोष्ट दवाखान्यातली नाही, शेतातली आहे. डोनाल्ड नऊ-दहा वर्षांचा असताना आई-बापांनी त्याला गावापासून काही मैलांवर एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. या जोडप्याने मानसशास्त्राचे एक पानही वाचले नसेल. मुलाला सारखे काहीतरी मोजण्याचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायला लावले. तो मेलेले पक्षी, किडे गोळा करी, तर त्यांच्यासाठी जागेचा एक तुकडा दिला. मुलाने तिथे छोटे कबरस्तान मांडले, प्रत्येक जिवाला नाव दिले आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे लावले! मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत राही. शेतकऱ्याने त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणून सांगितले. कॅनर १९४५ मध्ये भेटायला आले तेव्हा मुलगा घोडा आणि नांगर व्यवस्थित सांभाळत होता. जोडप्याच्या या शहाणपणाची नोंद त्यांनी कौतुकाने करून ठेवली आहे. खोड मोडायला निघालेल्या आपल्याकडच्या कितीतरी वर्गांनी ती वाचायला हवी.

कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरांचा पुन्हा शोध घेतला. ज्यांचे आयुष्य सरकारी रुग्णालयांच्या भिंतींआड गेले होते, त्यांच्याजवळ लहानपणी होते तेही उरले नव्हते. एक जण एका कार्यालयात नकला काढण्याचे यंत्र चालवत होता. डोनाल्ड पदवीधर होऊन गावच्या बँकेत कामाला लागला होता. पुढे साठहून अधिक वर्षे तो त्याच बँकेत राहिला. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, रोज गोल्फ खेळला, एकट्याने दोन डझनांहून अधिक देश हिंडून आला. आई-वडील गेल्यावर त्यांच्याच घरात एकटा राहिला. त्याचे पैसे कुणी लुबाडू नयेत म्हणून घरच्यांनी न्यास करून ठेवला होता. तो ओळखीच्यांना रबरबँड मारून सलाम करी, माणसांना क्रमांक देई. गावाला त्याचे काही वाटत नसे. गंमत म्हणजे, बाहेरचा कुणी त्याची चौकशी करत आला की गावकरी आधी त्या पाहुण्यालाच दम भरत. २०२३ च्या जूनमध्ये ८९ व्या वर्षी डोनाल्डने जगाचा निरोप घेतला.

यात पैशाचा वाटा मोठा होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बँक आजोळची होती. त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गरीब कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला हे सारे आले नसते. पण नांगरता नांगरता मोज म्हणायला पैसे लागत नाहीत.

रमजानच्या दिवसांत सहरीची वेळ सांगताना एक हदीस नेहमी आठवली जाते: बिलाल यांची अजान झाली तरी खात-पीत राहा, इब्ने उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत. हे इब्ने उम्मे मकतूम अंध होते. उजाडले हे त्यांना दिसत नसे, लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत. साऱ्या मदिनेचा रोजा एका अंध माणसाच्या आवाजावर सुरू होई. त्याला जे जमत नव्हते तेवढे शेजाऱ्यांनी पुरवले, काम मात्र त्याचेच राहिले.

स्वमग्न तरुण असलेल्या घरात हा महिना सोपा नसतो. पहाटे चारला दिवे लागतात, जेवणाच्या वेळा उलटतात, संध्याकाळी इफ्तारला पाहुणे येतात. ठरलेल्या क्रमावर ज्याचा दिवस उभा आहे त्याचा पायाच हलतो. जाणत्या आया आठवडाभर आधी भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लावतात, गर्दीच्या दिवशी त्याचे ताट आतल्या शांत खोलीत वाढतात. ज्याची समज तेवढी नाही त्याच्यावर रोजा बंधनकारक नाही. ज्याला समजते तो कधी कधी घरातल्या इतरांपेक्षा मिनिटाचा पक्का निघतो. शेजारच्या घरात हीच कसरत गणपतीच्या ढोलाशी आणि दिवाळीच्या फटाक्यांशी चालते.

बाकीचे शिक्षणही असेच, तुकड्यातुकड्यांनी. बसने एकट्याने जायचे, तर आधी शेजारी बसून, मग दोन आसने मागे बसून, मग फक्त थांब्यापर्यंत सोडून. किराणा आणायचा, तर एकच दुकान, एकच वस्तू, नेमके पैसे. हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झाले तर पंचविशीत हाताशी येते. दुकानदाराने घाई केली नाही, एका वेळी एकच प्रश्न विचारला, तर निम्मे काम होते.

कागदपत्रांचीही एक बाजू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्यानुसार अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते आणि सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक आणि मानसिक दिव्यांगत्व अशा गटासाठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते. अठरा पूर्ण झाली की मुलगा कायद्याने सज्ञान होतो. त्यानंतर बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात त्याच्या वतीने सही करायची, तर आई-बापांनाही कायदेशीर पालक म्हणून नेमणूक लागते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. प्रत्येकाला असा पालक लागतोच असे नाही. कुणाला फक्त पासबुक वाचून दाखवणारे माणूस लागते, सही तो स्वतः करतो.