नसलेल्या यंत्राचं सोंग

लिनक्सवर टर्मिनलची खिडकी उघडून ‘टीटीवाय’ ही आज्ञा द्या. उत्तर येईल ‘/डेव्ह/पीटीएस/०’ किंवा त्याच धाटणीचं काहीतरी. शेलची समजूत अशी की आपल्याला एक टर्मिनल जोडलेलं आहे. प्रत्यक्षात ना वायर, ना यंत्र. पलीकडे दुसरा प्रोग्राम बसलाय आणि मधे कर्नल बेमालूम सोंग वठवतोय. हेच स्यूडोटर्मिनल, बोलीभाषेत पीटीवाय.

युनिक्स घडत होतं तेव्हा संगणकाला टेलिटाइप मॉडेल ३३ सारखी खडखडणारी यंत्रं जोडलेली असत. वेग सेकंदाला १० अक्षरं, तीही कागदावर. चुकलेलं अक्षर खोडणं, एंटर दाबेपर्यंत ओळ अडवून धरणं, चालू काम तोडणं हे सगळं कर्नलमधली ‘लाइन डिसिप्लिन’ सांभाळायची. पुढे नेटवर्कवरून लॉगिन सुरू झालं आणि यंत्रच गायब झालं. मग काय, शेल आणि एडिटर नव्याने लिहायचे? १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये यावरचा तोडगा होता: यंत्राच्या जागी दोन टोकांची जोडी. आज मास्टर टोक एसएसएच सर्व्हर, एक्सटर्म किंवा टीमक्सच्या हाती, स्लेव्ह टोक शेलच्या. लाइन डिसिप्लिन जागची हलली नाही, हीच यातली खरी हुशारी.

कंट्रोल-सी दाबलं की मास्टरमध्ये फक्त एक बाइट पडतो, किंमत ३. लाइन डिसिप्लिन तो गिळते आणि समोर चालू असलेल्या प्रोसेस-गटाला सिगइंट हा सिग्नल धाडते. व्हीआयसारख्या एडिटरने टर्मिनल ‘रॉ’ केलं आणि सिग्नलची सोय बंद केली, की तोच ३ मुकाट्याने पलीकडे पोचतो.

सी भाषेत अशी जोडी मिळवणं एके काळी वैतागाचं होतं. पीटीवायपी० पासून एकेक फाइल उघडून बघायची, मोकळी सापडेपर्यंत. आता पॉसिक्स_ओपनपीटी, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी आणि पीटीएसनेम या क्रमाने गेलं की झालं. त्यानंतर फोर्क. चाइल्ड प्रोसेसमध्ये आधी सेटसिड, मग स्लेव्ह उघडून टीआयओसीएससीटीटीवाय, डीयूपी२ ने ०, १, २ जोडायचे आणि एक्झेक. सेटसिड विसरलात तर शेल सुरू होईल, पण जॉब कंट्रोल नाही अशी तक्रार करेल आणि कंट्रोल-सीला दाद देणार नाही. एवढी यातायात एकदा समजून घ्यावी, रोजच्या कामाला मात्र सरळ फोर्कपीटीवाय वापरावं.

पीटीवायऐवजी साधा पाइप का चालत नाही? प्रिंटएफचं आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर सी लायब्ररी ते ओळीओळीने सोडते. पाइप दिसला की बफर भरेपर्यंत दाबून ठेवते. मग तुमचा प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो आणि उत्तर तयार असूनही येत नाही. शिवाय एसएसएचसारखे प्रोग्राम पासवर्ड विचारायला थेट टर्मिनलच शोधतात. संवादी प्रोग्राम आपोआप चालवणारं डॉन लिब्सचं ‘एक्सपेक्ट’ पीटीवायवर उभं आहे ते याचमुळे.

खिडकीचा आकार बदलला तर मास्टरवर टीआयओसीएसविन्झ द्यायला विसरू नका, नाहीतर व्हीआय जुन्याच मापात रखडेल. आणि एक लिनक्सी खोड ध्यानात ठेवा: स्लेव्ह उघडून बसलेलं कुणीच उरलं नाही, की मास्टरवरचं रीड शून्य न देता ईआयओ ही एरर देतं. ती समाप्तीच समजा, वेटपिड करून चाइल्डचा निकाल घ्या आणि मास्टर बंद करा.