गेटवे ऑफ इंडियावर कोरलेलं ‘एमसीएमएक्सआय’ म्हणजे कोणतं साल?

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढणाऱ्यांची कमी नाही. पण मान वर करून कमानीवरचा इंग्रजी मजकूर शेवटपर्यंत वाचणारे थोडेच. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला भारतात उतरले, त्याची आठवण म्हणून ही वास्तू उभारली, असं तिथे कोरलंय. साल मात्र आकड्यांत नाही. त्या जागी पाच अक्षरं आहेत: एम, सी, एम, एक्स, आय.

हे साल आहे १९११. अर्थात ते राजा-राणीच्या आगमनाचं, गेटवेच्या बांधकामाचं नाही. ते आले तेव्हा स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी होती. आजचा दगडी गेटवे खुला झाला ४ डिसेंबर १९२४ रोजी.

मग पाच अक्षरांचे १९११ झाले कसे?

रोमन पद्धत सात अक्षरांवर चालते. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. मोठं अक्षर आधी आणि लहान नंतर असेल तर बेरीज करायची. लहान अक्षर मोठ्याच्या डावीकडे आलं, तर मोठ्यातून वजा करायचं. गेटवेवरच्या पहिल्या एमचे झाले १०००. पुढे सी आणि एम, म्हणजे १००० वजा १००, ९००. मग एक्सचे १० आणि आयचा १. त्याच मजकुरात राजाच्या नावापुढे व्ही आहे, तो म्हणजे ‘पंचम’.

आपला आकडा रोमनमध्ये लिहायचा तर शाळेतलं एकक-दशक-शतक कामाला येतं. समजा १९९९ लिहायचेत. त्याचे तुकडे करा: १०००, ९००, ९० आणि ९. प्रत्येक तुकडा वेगळा लिहा: एम, सीएम, एक्ससी, आयएक्स. झालं.

इथे अनेकजण शॉर्टकट मारतात. २००० ला एक कमी, मग दोन एमच्या मध्ये आय टाकला की काम झालं! पण हे चालत नाही. आय फक्त व्ही आणि एक्समधून वजा होतो, एक्स फक्त एल आणि सीमधून, सी फक्त डी आणि एममधून. म्हणून ४९ सुद्धा ‘आयएल’ नाही, तर ‘एक्सएलआयएक्स’. एकच अक्षर सलग तीनदाच येतं. व्ही, एल, डी तर एकदाच.

या पद्धतीत शून्य नाही. २०२४ लिहिताना शतकाच्या जागी काहीच लिहावं लागत नाही: एमएम, एक्सएक्स, आयव्ही. सोय वाटते, पण गोची इथेच आहे. आपल्या अंकांत जागेला किंमत असते, त्यामुळे चार आकडी संख्या तीन आकडीपेक्षा मोठीच. रोमनमध्ये ३८ ला सात अक्षरं लागतात आणि ५० ला एकच! एकाखाली एक मांडून गुणाकार करायला गेलात तर डोकं धरायची वेळ येईल. रोमन लोकही हिशेब मणीपाटीवर करायचे, अक्षरं उत्तर लिहून ठेवण्यापुरती.

आणि वर सांगितलेले नियम? खुद्द रोमन लोकांनीच ते काटेकोर पाळले नव्हते. रोमच्या कलोसियममध्ये दरवाजांना क्रमांक कोरलेले आहेत. त्यात ४४ व्या दरवाजावर चाळीससाठी वजाबाकीचं ‘एक्सएल’ आहे, पण चारसाठी सरळ चार आय. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल कोरलंय, तिथे ९०० साठी ‘सीएम’ नाही, तर एक डी आणि त्यापुढे चार सी. गेटवेवरच्या सालापेक्षा जेमतेम एक वर्ष आधीचं, त्याच साम्राज्यातलं, तरी पद्धत वेगळी.

रोमन अंकांचं भिंतीवरचं घड्याळ घरी असेल तर चारचा आकडा नीट बघा. बहुतेक घड्याळांत तिथे ‘आयव्ही’ऐवजी चार आय दिसतील. लंडनच्या बिग बेनवर मात्र ‘आयव्ही’च आहे.